बंदीच्या दुसऱ्या दिवशी घोडा कुठे जातो?

ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं, आणि माणसाने माणसाला ओढत चढावर न्यायचं हे अजून चालू आहे याची ज्यांना ज्यांना लाज वाटत होती त्या सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. कोर्टाने नुसती बंदी घालून हात झटकले नाहीत हे मला जास्त आवडलं. रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाल्या पाहिजेत, गुजरातमध्ये केवडियाला आहे तशी योजना बघा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. परवाना असलेल्या हातरिक्षा ९४. त्या ९४ कुटुंबांचं काय करायचं याचा विचार आदेशातच झाला.

पण त्याच डोंगरावर साडेचारशेच्या वर घोडेपण आहेत. दस्तुरी नाक्यावर गाडी लावून उतरलं की पहिलं कोण भेटतं? घोडेवाला. आता तिथून गावात जायला स्वस्तातली ई-रिक्षा मिळणार असेल तर म्हातारी माणसं, लहान मुलं घेऊन आलेले लोक, बॅगावाले सगळे रिक्षाच पकडणार, त्यात त्यांचं काही चूक नाही, मीही तेच करीन. म्हणजे घोड्यांची भाडी कमी होणार, हे सांगायला कुणी अर्थतज्ज्ञ लागत नाही, घोडेवाले तर पहिल्या दिवसापासून तेच ओरडून सांगतायत, म्हणून तर त्यांचा ई-रिक्षाला विरोध होता. आपण त्यांना प्रगतीचे विरोधक म्हणून मोकळे झालो. पण भाडी कमी झाल्यावर त्या साडेचारशे जनावरांनी खायचं काय, आणि ती जायची कुठे, हा प्रश्न माणसांच्या पुनर्वसनाइतकाच खरा आहे आणि तो कुठल्याच फायलीत धड दिसत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. घोड्यांचा धंदा जिथे जिथे बंद होतोय किंवा आपण बंद करायला लावतोय, तिथे घोड्याच्या उरलेल्या आयुष्याची सोय आधी ठरली पाहिजे, लेखी, आणि पैशासकट. नाहीतर तोच घोडा दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या मालकाकडे, आधीपेक्षा वाईट कामाला लागतो, आणि आपल्याला तो दिसायचा बंद झाला म्हणून त्याची सुटका झाली असं आपण धरून चालतो.

घोडा उपाशी राहतो तो बहुतेक वेळा मालक दुष्ट असतो म्हणून नाही. असतात तसेही, चाबकाच्या दांड्याने तोंडावर मारणारे आणि काटेरी लगाम घालणारे मी बघितलेत, आणि काटेरी लगामाला तर ओझ्याच्या आणि जुंपायच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या नियमांपासून मनाई आहे, तरी तो मिळतोच. पण जास्त घोडे मरतात ते हिशेबाने. साडेतीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण लागते, म्हणजे महिन्याला दोनशे किलो कडबा किंवा गवत, वर चंदी, म्हणजे हरभरा-कोंड्याचा खुराक, वेगळी, दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी, दर महिना-दीड महिन्याने नालबंद, वर्षाची लस, जंताचं औषध. गाय भाकड झाली तरी शेण देते, आणि निदान एखादी गोशाळा तिला घेते. घोडा काम करत नाही त्या दिवशी तो शुद्ध खर्च असतो. मग काय होतं, भाडी कमी झाली की पहिली चंदी बंद होते, मग नालबंदाला पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगितलं जातं, मग जखमेवर डॉक्टरऐवजी हळद आणि ऑइल, आणि शेवटी 'चरायला सोडलाय' असं म्हणून घोडा रस्त्यावर. मालकाला विचारलं तर तो खरंच म्हणतो की आहे की माझाच, संध्याकाळी येतो परत.

हे सगळं आपण २०२० मध्ये बघितलंय. लॉकडाऊन लागला, माथेरान-महाबळेश्वरला माणूस फिरकेना, आणि घोड्यांसाठी वैरण पाठवा म्हणून आवाहनं फिरायला लागली. धंदा काही महिने बंद राहिला तर ही अवस्था. कायमचा बसला तर?

पशुगणनेचे आकडे बघा. २०१२ मध्ये देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाख होते, २०१९ च्या गणनेत ते तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास आले. सात वर्षांत ४५ टक्के घट. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो, म्हणजे ही घट सगळी म्हातारपणाने झालेली नाही. शिंगरं कमी जन्मली असतील हे मान्य, पण बाकीचे? टांगा गेला, रिक्षा आली, वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, आणि प्रत्येक बदलात माणसाचं निदान नाव तरी कुठेतरी नोंदलेलं राहिलं. घोड्याचं तेही नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरियांचं, म्हणजे पर्यटकांना फिरवणाऱ्या घोडागाड्यांचं, उदाहरण तर अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. जून २०१५ मध्ये मुंबई हायकोर्टाने केवळ हौसेसाठी घोडागाडी चालवणं बेकायदा ठरवलं आणि वर्षभरात बंद करा म्हणून सांगितलं. निकाल योग्यच होता. सिमेंटच्या रस्त्यावर, हॉर्नच्या गोंगाटात, रात्री बारा-एकपर्यंत मरीन ड्राइव्हला चकरा मारणारे ते घोडे, आणि दिवसा ते ज्या तबेल्यांत उभे असायचे त्या जागा, ज्याने एकदा बघितल्यात तो त्या धंद्याची बाजू घेणार नाही. कोर्टाने मालक आणि चालकांच्या पुनर्वसनाची योजना करायला सांगितलं, त्यावरून पुढे बरीच वर्षं घासाघीस झाली, पैशाची, हॉकर लायसन्सची. मग मार्च २०२१ मध्ये बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं, फोटो आले. आता जरा आठवून बघा, या सगळ्या सहा वर्षांत त्या घोड्यांचं नेमकं काय झालं यावर तुम्ही एक तरी बातमी वाचल्याचं आठवतं का? कुठला घोडा कुणाकडे गेला, किती लग्नाच्या वरातीत गेले, किती विकले गेले, किती जगले? गाड्या शोभेसाठी परत आल्या. घोड्यांची चौकशी झाली नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघू, कारण बरेच लोक म्हणतात की कायदा आहे ना, तक्रार करा. आहे. १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपये ते पन्नास रुपये. आज एका घोड्याची एका वेळची वैरण त्याहून महाग आहे. २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, तो अजून कायदा झालेला नाही. बरं, दंडाचं सोडा, जप्तीचं बघा. पोलिसांनी हिंमत करून घोडा ताब्यात घेतला तर तो मुद्देमाल होतो, २०१७ चे नियम आहेत की खटला चालू असेपर्यंत जनावर पांजरापोळात किंवा संस्थेत ठेवायचं आणि खर्च आरोपीकडून घ्यायचा. आता ज्याच्याकडे चंदीला पैसे नव्हते म्हणून घोडा उपाशी राहिला तो माणूस खटल्याच्या तीन-चार वर्षांचा खर्च देणार कुठून? तो घोड्यावर पाणी सोडतो. संस्थेच्या गळ्यात घोडा पडतो. आणि पांजरापोळ गायीबैलांनी भरलेली, तिथल्या माणसांना घोड्याची सवय नाही, घोड्याला गुरांच्या गव्हाणीत गुरांचं खाद्य टाकलं की त्याचं पोट धरतं, घोड्याला उलटी करता येत नाही, पोटशुळाने तो एका रात्रीत जाऊ शकतो. म्हणजे सुटका करून आणलेला घोडा सुटकेनेच मरतो, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही.

वर ग्लँडर्स. घोड्यांचा हा रोग माणसालाही होतो, म्हणून कायद्याने नोंद करायचा रोग आहे, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात, आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला दयामरण द्यावंच लागतं, पर्याय नाही. त्यामुळे कुठलाही नवा घोडा शेडवर आणला की आधी वेगळा बांधायचा, रक्त पाठवायचं, रिपोर्ट येईपर्यंत त्याची बादली, खरारा, तोबरा सगळं वेगळं. ज्याच्याकडे एकच पत्र्याची शेड आहे त्याने हे करायचं कसं? आणि मालक तपासणीला का घाबरतात हेही समजून घ्या, घोडा गेला तर भरपाई मिळते पण त्यात तसाच दुसरा घोडा येत नाही, म्हणून आजारी घोडा डॉक्टरला दाखवण्याऐवजी विकून टाकला जातो. एका बाजाराकडून दुसऱ्या बाजाराकडे रोगही असाच जातो.

घोडा सावरायचा म्हणजे काय, हे एकदा जवळून बघितलं की 'रेस्क्यू केला' हे शब्द फार जपून वापरावेसे वाटतात. आमच्या भागातल्या एका छोट्या शेडवर मी जमेल तसं जाते. तिथे एक पांढरी घोडी आली होती, वरातीतली, लग्नसराई संपल्यावर एका मंगल कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत सोडून दिलेली. शेपटीच्या टोकांना मेंदीचा रंग अजून होता. लांबून बघून वाटायचं की जरा बारीक आहे एवढंच. जवळ गेलं की खोगीर जिथे बसतं तिथे पाठीच्या उंचवट्यावर तळहाताएवढी जखम, वरून झूल घातल्यामुळे लग्नात कुणाला दिसलीच नसणार, आत अळ्या. पुढचे खूर वाढून टोकाला वर वळलेले, त्यामुळे ती टाचेवर भार टाकून चालायची, दर पावलाला थांबत. खायला टाकलं की चावायची पण घास तोंडातून गोळा होऊन खाली पडायचा, कारण दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला आतून कापत होत्या. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, वर्षातून एकदा तरी ते घासून घ्यावे लागतात, हे कितीतरी घोडेवाल्यांनाही माहीत नसतं.

आणि लोक तर लगेच प्रेमाने हरभरे, गूळ, पोळ्या घेऊन आले. तिथे सांभाळणारे मामा गेटवरच हात जोडून उभे, 'ताई, चणे नकोत, तुम्ही आज हिला चणे घातले तर ही मरंल.' शब्दशः खरं आहे ते. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम धान्य घातलं की शरीरातले क्षार झपाट्याने खाली येतात आणि तीन ते पाच दिवसांत हृदय बंद पडू शकतं. त्यावर अमेरिकेत संशोधन झालंय आणि त्यातून आलेली पद्धत अशी की सुरुवातीचे तीन दिवस दर चार तासांनी अर्धा-अर्धा किलो लसूणघास, रात्रीसुद्धा, मग हळूहळू वाढवत दहाव्या दिवसापर्यंत पोटभर, आणि धान्य कितीतरी नंतर. म्हणजे कुणीतरी रात्री बारा, चार, आठ असं उठायला पाहिजे. मामा उठायचे. त्यानंतर जखम, रोज धुणं, माश्या बसू नयेत म्हणून मलम. नालबंद आला त्याने खूर एकदम कापला नाही, थोडा थोडा दर महिन्याला, कारण एकदम आकार बदलला तर पायाच्या शिरा ताणतात. नवा खूर वरून खालपर्यंत यायला नऊ ते बारा महिने लागतात, घोड्याच्या बाबतीत कॅलेंडर तेच आहे, त्याला घाई करता येत नाही. अंगावर मांस चढायला सहा ते दहा महिने. आणि माणसाने हात वर केला की डोकं झटकून मागे सरणं कमी व्हायला किती, ते कुणीच सांगू शकत नाही.

एवढं करून घोडी उभी राहिली. मग खरा प्रश्न सुरू होतो, कारण ती बरी झाली म्हणजे आता ती विकण्यासारखी झाली. पांढरी घोडी, शांत, वरातीची सवय असलेली, हिला लगेच गिऱ्हाईक आहे. फार्महाऊसवाले विचारायला येतात, मुलांना फिरवायला पाहिजे. शाळावाले येतात. बँडवाला येतो, साहेब आमच्याकडे नीट राहील. त्यातले काही खरोखर चांगले असतात. पण फार्महाऊसवाल्याची मुलं मोठी होतात, पाच वर्षांत त्यांना घोड्यात रस राहत नाही, राखणदाराला घोड्याचं काही कळत नाही, आणि मग तो 'कुणाला पाहिजे तर घेऊन जा' म्हणतो. तिथून पुढे बाजार. तिथून वीटभट्टी किंवा एका जुवाला घोडा आणि बैल जुंपून पळवायच्या शर्यती. दान दिलेला घोडा दोन हातांनंतर सापडत नाही.

म्हणून घोडा देऊन टाकायचा नाही, सांभाळायला द्यायचा, हे मला पटलेलं तत्त्व आहे आणि यावर मी ठाम आहे. ब्रिटनमध्ये वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर नावाची संस्था आहे, १९२७ साली एडा कोल नावाच्या बाईंनी सुरू केली, तेव्हा इंग्लंडातले म्हातारे कामाचे घोडे बोटीने युरोपात कत्तलीला जायचे ते थांबवायला. ती संस्था आज घोडे घराघरांत ठेवायला देते पण मालकी स्वतःकडे ठेवते. करार होतो, घोडा विकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, संस्थेचा माणूस येऊन बघणार, तुम्हाला जमेनासं झालं तर घोडा परत संस्थेकडे. घेणाऱ्यालाही हे सोयीचं असतं, उद्या नोकरी गेली, बदली झाली, तर जनावराचं काय करू ही धास्ती नाही. इंग्लंडमध्ये तर ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक घोड्याला मायक्रोचिप सक्तीची आहे, म्हणजे सोडून दिलेला घोडा सापडला तर कुणाचा हे कळतं. आपल्याकडे गायीम्हशींच्या कानात बारा आकडी टॅग आलेत, ते काम गावोगाव झालंय, पशुवैद्यकीय खात्याला ते जमतं. मग परवाना असलेल्या प्रत्येक घोड्याला चिप लावणं का जमू नये? माथेरानला साडेचारशे घोडे आहेत, डोंगरावर यायची वाट ठरलेली आहे, सुरुवात करायला याहून सोपी जागा मिळणार नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारने गोशाळेतल्या देशी गायीसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. चांगलं केलं. घोडा त्यात बसत नाही. पण मी फक्त सरकारकडे हात पसरा असं म्हणणार नाही, कारण घोड्यांवर पैसा कमावणारे लोक आहेत, आणि पहिली जबाबदारी त्यांची आहे. महालक्ष्मी आणि पुण्याचं रेसकोर्स घ्या. शर्यतीचा घोडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पळायला लागतो आणि बरेचसे सहा-सात वर्षांचे होईतो बाहेर पडतात, म्हणजे अजून वीस वर्षं आयुष्य शिल्लक. काही रायडिंग स्कूलमध्ये जातात, काही पैदाशीला, आणि काही हात बदलत बदलत कुठच्या कुठे पोचतात. हे घोडे जन्मापासून स्टड बुकमध्ये नोंदलेले असतात, आई-बाप माहीत असतात, पळत असेपर्यंत एकेका सेकंदाची नोंद असते. पळणं संपल्यावर नोंद संपते, ती चालू ठेवा एवढंच मागणं आहे. अमेरिकेत २०१२ पासून थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स आहे, निवृत्त घोड्यांच्या संस्थांना तपासून मान्यता आणि पैसे देते, आणि तो पैसा रेसिंगच्याच धंद्यातून येतो. ब्रिटनमध्ये २००० सालापासून रेसचे घोडे दुसऱ्या कामासाठी तयार करणारी संस्था आहे. आपल्याकडे पैजांवर सरकार तगडा जीएसटी घेतं. त्यातला एक छोटा वाटा घोड्याच्या म्हातारपणासाठी बाजूला काढायला काय हरकत आहे?

आणि एका घोड्याबद्दल तर कुणी बोलतच नाही, सर्पदंशाच्या लसीचा घोडा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांचं विष थोडं थोडं घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिकारक तयार होतात, ते रक्त काढून त्यापासून लस. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम महाराष्ट्रात केलं, आज खाजगी कंपन्याही करतात. रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेला, ऊसतोडीला आलेला, भाताच्या खाचरात उभा असलेला जो माणूस सरकारी दवाखान्यातल्या त्या इंजेक्शनने घरी परत आला, तो घोड्याच्या रक्तावर परत आला. पुन्हा पुन्हा विष टोचून घेणाऱ्या, पुन्हा पुन्हा रक्त देणाऱ्या त्या जनावराला शेवटची काही वर्षं कामाशिवाय, गवतावर, सावलीत उभं राहायला मिळावं, ही दया म्हणून मागायची गोष्ट नाही, ते आपल्यावरचं देणं आहे. लसीच्या दरात घोड्याच्या निवृत्तीचा खर्च धरलेला असलाच पाहिजे, आणि सरकार लस विकत घेताना ही अट टेंडरमध्ये घालू शकतं, त्याला नवीन कायदा लागत नाही.

वरातीचंही तसंच. लाखो रुपयांचं लग्न, घोड्यावर नवरदेव अर्धा तास, समोर डीजेच्या भिंती, कानाशी फटाके. मंगल कार्यालयाने घोडा आणणाऱ्याकडे परवाना आणि तपासणीचा दाखला मागायचा, नसेल तर गेटवरून परत. एवढं जरी झालं तरी झुलीखालची जखम लपणार नाही.

आता एक नकोसा विषय. प्रत्येक घोडा वाचवता येत नाही, आणि वाचवायचा हट्ट धरणं ही काही वेळा क्रूरताच असते. डोरोथी ब्रूक नावाच्या इंग्रज बाई १९३० मध्ये कैरोला गेल्या, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने तिथेच विकून टाकलेले घोडे त्यांना रस्त्यावर ओझी वाहताना दिसले, म्हातारे, आंधळे, लंगडे. त्यांनी इंग्लंडच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, आणि तीन वर्षांत त्यांनी पाच हजार घोडे विकत घेतले. आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांनी शांतपणे मरण दिलं, कारण ते घोडे बरे होण्याच्या पलीकडे गेलेले होते. १९३४ मध्ये त्यांनी तिथे घोड्यांचा फुकट दवाखाना काढला, आज त्यातून उभ्या राहिलेल्या ब्रूक संस्थेचं काम भारतातही वीटभट्ट्यांवरच्या घोड्या-खेचरांसाठी चालतं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो त्या पाच हजारांच्या आकड्यामुळे नाही. ज्यांना जगवणं म्हणजे आणखी छळणं होतं त्यांच्या बाबतीत त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत, म्हणून आहे. आपल्याकडे मोडलेल्या पायाचा घोडा महिनाभर तीन पायांवर उभा ठेवतात आणि त्याला जीवदया म्हणतात, पाठीला व्रण पडतात, चांगल्या पायालाही सूज येते आणि तो पायही जातो. आपला कायदा तर वेदनेतून सुटका नसलेल्या जनावराला दयामरण द्यायला परवानगी देतो. तरी ते इंजेक्शन द्यायला कुणी पुढे येत नाही, कारण पाप लागेल. ज्याने त्या घोड्याचे डोळे जवळून बघितलेत त्याने पाप कशात आहे ते मनाशी ठरवावं.

दोन आक्षेप नेहमी येतात. एक, इथे माणसांना मिळत नाही आणि तुम्हाला घोड्याची पडलीय. मला हे दोन वेगळे प्रश्न वाटतच नाहीत. माथेरानच्या घोडेवाल्याला पर्यायी धंदा मिळाला नाही तर तो घोडा सोडणार नाही, त्याला चंदीही देऊ शकणार नाही, आणि दोघं एकत्रच उपाशी राहतील. घोडा सांभाळणं हे त्याचं कसब आहे, ते वाया का घालवायचं? जिल्ह्यात घोड्यांचं एक आश्रयस्थान काढा आणि तिथे मोतद्दार म्हणून याच लोकांना पगारावर घ्या, रात्री चार वाजता उठून अर्धा किलो घास घालायला यांच्याइतकी योग्य माणसं कुठून आणणार आहात? घोडा आणून दिला तर भरपाई, आणि तोच घोडा सांभाळायला नोकरी. घोडा लपवण्याचं किंवा रातोरात विकण्याचं कारणच राहत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा, की एवढं सगळं लागणार असेल तर बंदी नकोच, चालू द्या. नाही. पेव्हर ब्लॉकवर घसरून पडणारा घोडा, पावसाळ्यात खाली सोडून दिलेला घोडा, १९६५ च्या नियमात तट्टाच्या पाठीवर ७० किलोची मर्यादा सांगितलेली असताना नव्वद किलोचा गडी बसवून चढावर नेलेला घोडा, यासाठी मी वेळ मागणार नाही. जे चाललंय ते कमी व्हायलाच हवं. पण कमी करण्याची तारीख ज्या कागदावर लिहिली जाते त्याच कागदावर घोड्याची यादी, चिपचा नंबर, जायची जागा आणि पैशाची तरतूद लिहिलेली पाहिजे.

माथेरानच्या बाबतीत अजून हे करता येण्यासारखं आहे. घोडे मोजलेले आहेत, मालक माहीत आहेत. पहिल्यांदा पशुसंवर्धन खात्याने येत्या पावसाळ्याआधी सगळ्यांची तपासणी करून वय, दात, खूर, पाठ आणि ग्लँडर्सचा रिपोर्ट नोंदवायचा. त्यातले म्हातारे आणि पायाने गेलेले आधी काढायचे, मालकाला पैसे देऊन, नेरळ-कर्जतच्या बाजूला सरकारी गवताची जमीन बघून तिथे. धडधाकट जे राहतील त्यांच्यासाठी दिवसाच्या फेऱ्यांची मर्यादा, आणि नवा घोडा वर आणायला परवाना द्यायचा नाही. पर्यटकाकडून प्रवेश कर घेतलाच जातो, त्यातले पाच रुपये घोड्याच्या खात्यावर टाका. आणि ज्याला घोडा सांभाळायची हौस आणि जागा दोन्ही आहे त्याला करारावर द्या, मालकी जिल्ह्याच्या समितीकडे ठेवून, वर्षातून दोनदा डॉक्टरने जाऊन बघायचं या अटीवर. यात न होण्यासारखं काय आहे ते मला पशुसंवर्धन खात्यातल्या, नगरपालिकेतल्या किंवा घोडेवाल्यांच्या संघटनेतल्या कुणीतरी सांगावं, मी ऐकायला तयार आहे. मात्र ई-रिक्षांची पुढची खेप वर चढण्याआधी सांगावं.